पेपरची बिब्लिओग्राफी कशी पूर्ण केली : माझा अनुभव

यावेळी पेपरसाठी वाचन सुरू केलं तेव्हाच बिब्लिओग्राफीसाठी, म्हणजे शेवटी द्यायच्या संदर्भांच्या यादीसाठी, एक वेगळी फाईल उघडली आणि जे वाचेन त्याचा लेखक, नाव, साल, पान नंबर आणि लिंक लगेच त्यात टाकत गेले, खरं सांगते निम्मं काम तिथेच उरकलं. पान नंबर तर हवाच, नंतर एका वाक्यासाठी अख्खं पुस्तक चाळत बसावं लागतं.

सरांना एपीए स्टाईल (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची संदर्भ लिहायची पद्धत) हवी होती. नेटवर जुने नमुने खूप पडलेत, त्यात प्रकाशकाचं शहर लिहिलेलं असतं, पण २०१९ च्या सातव्या आवृत्तीत ते काढून टाकलंय. म्हणून कुठलाही नमुना घ्यायच्या आधी तो कुठल्या आवृत्तीचा आहे ते बघाच.

रेफरन्स गोळा करायला झोटेरो नावाचं सॉफ्टवेअर वापरलं, फुकट आहे आणि खरंच छान आहे. जर्नलमधल्या लेखाचा डीओआय (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) टाकला की बहुतेक माहिती आपोआप येते. वेबपेजचं मात्र नीट तपासावं लागतं. एका पानाचं शीर्षक सगळं कॅपिटलमध्ये आलं, लेखकाच्या जागी साईटचं नाव आणि तारीख गायब! पान उघडून खाली शेवटपर्यंत गेले तर लेखिकेचं नाव आणि तारीख दोन्ही तिथेच होतं, मग हाताने भरलं.

सगळ्यात जास्त वेळ एका अवतरणाने खाल्ला, पण मजाही त्यातच आली. एका लेखात दुसऱ्याच पुस्तकातलं वाक्य दिलेलं, मला तेच हवं होतं. लायब्ररीतून मूळ पुस्तक काढलं, ते पान शोधलं, तर वाक्याचा शेवटचा अर्धा भाग लेखात गाळलेला, आणि त्या अर्ध्या भागाने अर्थच बदलत होता! मूळ पुस्तक मिळालंच नाही तर एपीएत 'अमुक लेखात उद्धृत' असं मजकुरात सांगायचं आणि यादीत फक्त आपण वाचलेला लेख द्यायचा. न वाचलेलं पुस्तक यादीत घालू नका प्लीज, वाचणारा त्या यादीवर विश्वास ठेवून पुढे शोधायला जातो. चॅटबॉटने दिलेले रेफरन्सही आधी शोधून बघा, कधीकधी तसा लेख अस्तित्वातच नसतो.

मग आडनावाप्रमाणे क्रम लावला, प्रत्येक नोंद दुसऱ्या ओळीपासून अर्धा इंच आत घेतली. शेवटी प्रिंट काढून मजकुरातलं एकेक नाव यादीशी पेन्सिलने टिक करत जुळवलं आणि मगच पेपर दिला.