सव्वीसच मिनिटं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या छोट्या फिल्ममधला घड्याळजी काळात मागे जातो तो 26 मिनिटं, आणि जातो कशासाठी, तर संपलेले पोहे मिळावेत म्हणून. ‘एवढी शक्ती हाती आली आणि पोहे?’ इंदूरच्या ज्या मराठी घरात जाते तिथे हेच. कुणाला पानिपत फिरवायचंय, कुणाला इंदूरच्या होळकरांच्या राजवाड्यात अहिल्याबाईंचं दर्शन हवंय. अहो, त्या कारभार बघायच्या महेश्वराहून!

मिनिटांचा हिशेब सरळ आहे. 1906 पासून देशाचं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर चालतं. इंदूर त्याच्या बरंच पश्चिमेला, त्यामुळे सूर्य आपल्या डोक्यावर साधारण 26 मिनिटं उशिरा येतो. जुने ज्योतिषी तर शेजारच्या उज्जैनपासूनच रेखांश मोजत. घड्याळजी काटे इथल्या सूर्याला लावतो आणि तेवढाच मागे पोचतो. मला ही कल्पना आजही फार आवडते.

पहिल्या संहितेत मात्र ती नव्हती. तिथे तो जायचा 1984 च्या शीखविरोधी दंगलीत, राजवाडा पेटण्याच्या थोडं आधी. वरचे मजले लाकडी, ते वाचवायला माणसं गोळा करायचा, त्यात धावपळ, गोंधळ, हशा. बैठकीत वाचून दाखवली तेव्हा बाबांचे जुने स्नेही, सरदारजी काका, आले होते. कपातल्या चहावर साय धरली तरी ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, “राजवाड़ा बचा लिया, अच्छा किया। मेरी दुकान भी तो उसी दंगे में जली थी। तेरा हीरो उधर कब आएगा?” आवाजात राग नव्हता, त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मी पानं उलटत बसले, जणू कुठेतरी लिहिलेलं सापडेल. बाबा मध्ये पडले, “अरे, मज़ाक की फिल्म है।” काका म्हणाले, “हाँ, तो हँसाओ ना।”

लाकूड वाचवायला धावणारा आणि माणसांवरून पुढे जाणारा नायक मला नको होता. त्याला दुकानांकडे वळवलं असतं, तर हसायचं कुणी?

तेव्हाची मी अजून भांडते: घाबरलीस, सगळ्यांसारखा तूही विषय टाळलास. टाळला, पण विचार करून टाळला, असं मी म्हणते. टाळणारे सगळे हेच म्हणतात, असं ती म्हणते. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पण पोह्यांना क्षुल्लक म्हणू नका. वाफेवरच्या परातीतला शेवटचा डाव, वर शेव, जीरावण मसाला, आणि तो वेळेत पोचतो! तिथे काका मोकळेपणी हसले होते. 1984 मध्ये कुणाला पाठवायचंच झालं, तर आधी त्यांच्या दुकानापाशी पाठवावं लागेल. ते लिहायला मला अजून जमलेलं नाही.