ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल: काढणं सोपं, पातळी जुळवणं अवघड

पिकअपच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल घरी बदलता येतं. पंधरा-वीस बोल्ट, एक फिल्टर, एक पॅकिंग आणि काही लिटर ऑइल, एवढाच पसारा. ज्याने इंजिन ऑइल आणि ब्रेक पॅड स्वतः बदललेत त्याच्या हाताबाहेरचं यात काही नाही. पण इंजिनला अर्धा लिटर कमी-जास्त झालं तर ते सोसून घेतं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सोसत नाही. इथलं ऑइल वंगण तर देतंच, शिवाय गिअर पकडणाऱ्या क्लचप्लेटांवर दाब तेच आणतं, टॉर्क कन्व्हर्टरमधून इंजिनची ताकद तेच पुढे नेतं आणि उष्णता कूलरपर्यंत तेच वाहून नेतं. त्यामुळे या कामाचा सगळा जीव दोन गोष्टींत आहे: स्वच्छता आणि पातळी.

आधी हिशेब. पिकअपच्या गिअरबॉक्समध्ये साधारण ९ ते १३ लिटर ऑइल मावतं. ड्रेन नट उघडला, चेंबर (गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं पात्र) खाली घेतला, तरी बाहेर येतं ४ ते ६ लिटर. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टर, कूलर आणि आतल्या वाटांमध्ये अडकून राहतं. समजा एकूण १२ लिटर आहे आणि दर खेपेला ५ लिटर निघतं. पहिल्या खेपेनंतर ४२ टक्के ऑइल नवं, दुसऱ्या खेपेनंतर ६६, तिसऱ्यानंतर ८०. म्हणून खूप जुनं ऑइल असेल तर काही शे किलोमीटरच्या अंतराने दोन-तीनदा काढून भरणं हा माझ्या मते घरी करण्याचा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. फिल्टर पहिल्याच खेपेला बदलायचा, पुढच्या खेपांना फक्त ड्रेन नट उघडायचा. कूलरची परतीची नळी काढून इंजिनच्या जोरावर सगळं ऑइल एका दमात बाहेर काढायची पद्धतही आहे. पण आत भरण्याचा वेग बाहेर पडण्याच्या वेगाला पुरा पडला नाही, तर काही सेकंदांत पंप हवा ओढायला लागतो. दोन माणसं आणि नीट मोजमाप असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

कोणतं ऑइल? रंगावर तर अजिबात जाऊ नका. बहुतेक सगळी लालच असतात, तो नुसता रंग घातलेला असतो. महत्त्वाचं आहे ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं स्पेसिफिकेशन. फोर्डच्या सहा गिअरच्या ६आर८० गिअरबॉक्सला मर्कॉन एलव्ही (मर्कॉन हे फोर्डच्या ऑइल स्पेसिफिकेशनचं नाव) लागतं आणि दहा गिअरच्या १०आर८० ला मर्कॉन यूएलव्ही. नावात एका अक्षराचा फरक, पण १०० अंश सेल्सिअसला एलव्हीची दाटी ६ सेंटिस्टोकच्या (दाटी मोजायचं एकक) आसपास आणि यूएलव्हीची ४.५ च्या आसपास. जनरल मोटर्सच्या जुन्या डेक्सरॉन ३ ऑइलची तर ७.५ च्या घरात. दाटी बदलली की सोलेनॉइड (विजेवर उघडझाप होणाऱ्या झडपा) आणि व्हॉल्व्हमधून दाब पोचण्याची वेळ बदलते. त्यातच प्रत्येक ऑइलमधली घर्षण जुळवणारी रसायनं वेगळी असतात, म्हणून चुकीचं ऑइल घातलं तर क्लच लॉक होताना गाडी खडबडीत पट्ट्यावरून गेल्यासारखी थरथरते. ‘सगळ्या गाड्यांना चालेल’ असं लिहिलेल्या डब्यापेक्षा, तुमच्या गिअरबॉक्सचं नाव घेऊन त्या स्पेसिफिकेशनची हमी देणारा डबा घ्या. एकूण क्षमतेपेक्षा निघेल त्या अंदाजाने, वर दोन लिटर जादा. काम अर्धं झाल्यावर एक लिटर कमी पडणं फार वाईट.

गाडी चारही स्टँडवर घ्यायची आणि ती समतल हवी. पुढची बाजूच वर उचलली तर ऑइल निघेल, पण पातळी चुकीची दिसेल. जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जायचं नाही. ऑइल कोमट असताना, ४० अंशांच्या आसपास, काढावं. लांबच्या प्रवासानंतर ते ९० अंशांच्या पुढे असतं आणि हात भाजतो.

आणि पान्याला हात घालताना पहिला नट कोणता? भरायचा. ड्रेनचा नाही. भरायचा प्लग अनेकदा गिअरबॉक्सच्या अंगावर, एक्झॉस्ट पाइपाच्या वर, गंजून बसलेला असतो. तो सुटत नाही हे सगळं ऑइल खाली आल्यावर कळलं, तर गाडी तिथेच अडकली. तो हलला, बोटाने फिरला, मगच ड्रेन उघडा.

निघालेलं ऑइल फेकू नका, मोजा. खुणा असलेल्या पारदर्शक बाटल्यांमध्ये भरून ठेवा. जेवढं निघालं तेवढंच आत घालायचं, हा सुरुवातीचा आकडा इथूनच मिळतो. थोडं पांढऱ्या कागदावर टाकून बघा. गडद लाल किंवा तपकिरी होणं हे वयाचं लक्षण. काळं आणि जळका वास असेल तर क्लचप्लेटा तापून घसरल्या आहेत. गुलाबी, दुधाळ, फेसाळ दिसत असेल तर रेडिएटरमधल्या कूलरमधून कूलंट आत शिरलंय. अशा वेळी ऑइल बदलून भागत नाही, आधी रेडिएटर, आणि क्लचप्लेटांचं अस्तर पाण्याने सुटलं असण्याची शक्यता धरून चाला.

चेंबर काढताना सगळे बोल्ट सैल करा, पण एका बाजूचे दोन शेवटपर्यंत राहू द्या, म्हणजे चेंबर एका कडेने झुकतो आणि उरलेलं ऑइल त्या कडेने ट्रेमध्ये येतं. चिकटला असेल तर रबरी हातोडीने बाजूने टोले द्या. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलात की अॅल्युमिनियमवर चरा पडतो, आणि त्या चऱ्यातून पुढे वर्षानुवर्षं थेंब पाझरतात.

चेंबरच्या तळाशी चुंबक असतं. त्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप दिसेल. बोटांत चोळला तर कण जाणवत नाहीत, नुसती शाई लागल्यासारखी बोटं काळी होतात. ही रोजची झीज, घाबरायचं कारण नाही. पण लेपात सुयांसारखे तुकडे किंवा टोचणारे पत्रे सापडले, किंवा चेंबरच्या तळाला पितळी चमक दिसली, तर बेअरिंग, गिअर किंवा बुश झिजतायत. चुंबक पितळ ओढत नाही, म्हणून चेंबरचा तळही उजेडात धरून बघायचा.

आता फिल्टर. इथे एक चूक इतक्या वेळा होते की ठळकपणे सांगायला हवी. काही गिअरबॉक्समध्ये फिल्टरची मान एका रबरी सीलमधून पंपाच्या भोकात बसते. जुना फिल्टर ओढला की फिल्टर हातात येतो, सील वरच राहतं. भोक काळं, सील काळं, वर ऑइलचा थर, दिसत नाही. मग नवा फिल्टर नव्या सीलसकट ठोकला जातो, तो पूर्ण बसत नाही आणि त्या फटीतून पंप हवा ओढतो. गाडी रिव्हर्सला उशिरा लागते, गिअर घसरतात, आणि दोष नव्या ऑइलवर जातो. टॉर्च लावून भोकात बोट फिरवा. जुनं सील असेल तर बोथट हूकने, भोकाला चरा न पाडता काढा. झेडएफ या जर्मन कंपनीच्या आठ गिअरच्या गिअरबॉक्समध्ये फिल्टर प्लॅस्टिकच्या चेंबरमध्येच असतो, तिथे अख्खा चेंबर बदलावा लागतो.

चेंबर पुसायला जुन्या बनियनची चिंधी वापरू नका. एक धागा व्हॉल्व्हमध्ये अडकला तरी गिअर बिघडतो. धागे न सुटणारा कागद किंवा कापड घ्या, ब्रेक क्लीनरने धुऊन पूर्ण वाळू द्या. पॅकिंग कोरडं लावायचं. त्यावर सिलिकॉन थापलं तर जादा भाग आत गळून फिल्टरवर जाऊन बसतो. बोल्ट हाताने फिरवून सगळे बसवा, मग मधून कडेकडे, आडवे-तिरपे, दोन टप्प्यांत आवळा. बहुतेक चेंबरना १० न्यूटन-मीटरच्या आसपासचं बळ पुरतं, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. गळू नये म्हणून जोर लावला की पत्र्याची कड बोल्टांमध्ये फुगते आणि तिथूनच गळती सुरू होते. गिअरबॉक्सच्या अंगातले आटे गेले तर त्रास आणखी वाढतो. ड्रेन नटचा वॉशर नवा.

आता पातळी, म्हणजे खरं काम. ऑइल तापलं की फुगतं: १२ लिटर ऑइल ६० अंशांनी तापलं तर त्याचं आकारमान जवळपास अर्ध्या लिटरने वाढतं. त्यामुळे थंड असताना अगदी बरोबर दिसणारी पातळी गरम झाल्यावर जादा होते, आणि उलटही. म्हणून कंपनी तपमानाची पट्टी देते. टोयोटाच्या काही गिअरबॉक्समध्ये ती ३५ ते ४५ अंश असते, झेडएफच्या आठ गिअरला ३० ते ५०. फोर्डच्या काही गिअरबॉक्सना तर चांगलं गरम, ९० च्या पुढे, करून तपासायचं असतं. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा तुमच्या गाडीला लावू नका.

डिपस्टिक नसलेल्या गाडीत पद्धत अशी. निघालेलं तेवढं ऑइल हातपंपाने भरा. दोन्ही प्लग लावा. सीटवर एक माणूस, ब्रेकवर पाय घट्ट. इंजिन सुरू करून पी, आर, एन, डी असा लिव्हर सावकाश फिरवा, प्रत्येक जागी चार-पाच सेकंद थांबा, म्हणजे क्लच आणि वाटा भरतात. परत पी. ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे वाचायचं यंत्र) गिअरबॉक्सच्या ऑइलचं तपमान बघत राहा. बाहेरून रोखायची इन्फ्रारेड गन पत्र्याचं तपमान सांगते, आतल्या ऑइलचं नाही. पट्टीत आल्यावर, इंजिन चालूच ठेवून, पातळीचा प्लग (योग्य पातळीच्या उंचीवरचं भोक बंद करणारा) उघडा. धार लागली तर वाहू द्या, धारेचे थेंब झाले की प्लग लावा. काहीच आलं नाही तर वरून थोडं-थोडं भरा, ओघळ सुरू होईपर्यंत. मध्येच तपमान पट्टीच्या वर गेलं तर तसंच पुढे रेटू नका. प्लग लावा, इंजिन बंद करा, थंड होऊ द्या, पुन्हा सुरुवात.

डिपस्टिकवाल्या गाडीत ऑइल गरम, इंजिन चालू आणि लिव्हर बहुधा पार्कमध्ये. पण जुन्या क्रायस्लर-डॉजच्या पिकअप न्यूट्रलमध्ये तपासतात, पार्कमध्ये आकडा चुकतो.

जादा भरलं तर फिरणारे भाग ऑइल घुसळून फेस करतात. फेसात हवा, हवेवर दाब टिकत नाही, क्लच घसरतात आणि ऑइल ब्रीदरमधून (हवा जायच्या भोकातून) बाहेर येतं. कमी असेल तर चढावर किंवा ब्रेक मारल्यावर ऑइल एका बाजूला जातं आणि पंप उघडा पडतो. दोन्ही टोकांची लक्षणं सारखीच दिसतात, म्हणून अंदाजाने ‘थोडं अजून घालू’ करू नका, मोजा.

‘जुन्या गिअरबॉक्सचं ऑइल बदललं की तो जातो’ हे सतत ऐकू येतं. बहुतेकदा ऑइल बदलायची आठवण गिअर घसरायला लागल्यावरच होते. तोवर क्लचप्लेटांचं अस्तर गेलेलं असतं. नव्या ऑइलने ते परत येत नाही. घसरत नसलेल्या गिअरबॉक्सचं ऑइल लाखभर किलोमीटरनंतर, दाबाने ऑइल ढकलून सगळं बदलणाऱ्या मशीनशिवाय, असं साधं काढून-भरून बदलण्यात मला धोका दिसत नाही. ‘आयुष्यभर चालणारं ऑइल’ या शब्दांवर मात्र माझा विश्वास नाही. झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी बदला म्हणते. ट्रेलर ओढत असाल, डोंगरात भरल्या गाडीने फिरत असाल तर त्याहून लवकर, कारण ऑइलला उष्णताच मारते.

पहिल्या शंभरेक किलोमीटरमध्ये गिअर थोडे वेगळे पडल्यासारखे वाटू शकतात. कॉम्प्युटर जुन्या ऑइलच्या घर्षणाला जुळलेला असतो, तो हळूहळू नवं शिकतो. तेवढ्या वेळात चेंबरच्या कडेला आणि प्लगला बोट लावून ओल बघा, एकदा थंड असताना आणि एकदा फेरीहून आल्यावर. जुनं ऑइल बंद डब्यात भरून वापरलेलं ऑइल घेणाऱ्या केंद्रात द्या, त्यात इंजिन कूलंट मिसळू नका, नाहीतर ते घेत नाहीत.