न मागवलेलं पार्सल आणि अडीच हजारांची मागणी, माझा अनुभव

आई-बाबा सांगलीला असतात, मी पुण्यात. जूनमध्ये आईच्या नावाने एक खोका आला, गुडघेदुखीचं तेल आणि पावडरचे दोन डबे. कुरिअरवाल्याने पैसे मागितले नाहीत म्हणून तिला वाटलं मीच पाठवलं असेल, सही करून घेतलं. आठवड्याने फोन सुरू झाले, मॅडम २,४९९ रुपये बाकी आहेत. झालं असं होतं की तिने टीव्हीवरच्या जाहिरातीतल्या नंबरवर फोन करून फक्त किंमत विचारलेली, तेव्हा तिकडच्या मुलीने पत्ता विचारून घेतला. ऑर्डर दिलीच नव्हती. रोज दोन-तीन फोन, आणि मग "घरी लीगल नोटीस येईल" म्हणाले तेव्हा ती रडत मला म्हणाली की देऊन टाकू का गं पैसे. जिने आयुष्यात कधी वाण्याची उधारी ठेवली नाही तिला असं घाबरवतात याचा मला अजून राग येतो.

बाबांचं वेगळंच, आलंच आहे तर तेल लावून बघू. आणि माझ्या भावाने व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलेलं की न मागवलेला माल आपलाच होतो, फुकट. मी ओळखीच्या वकीलबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या तो नियम अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये आहे, आपल्याकडे असं सरळ कलम नाही. आपल्याकडे गप्प बसलं म्हणजे होकार दिला असं होत नाही, त्यामुळे नुसता खोका घरात आला म्हणून पैसे देणं लागत नाही. पण वापरलं तर लागू शकतं. भारतीय करार कायदा १८७२, कलम ७०, त्यात उदाहरणच दिलंय की व्यापाऱ्याने चुकून एखाद्याच्या घरी माल ठेवला आणि त्याने तो स्वतःचा समजून वापरला तर पैसे द्यावे लागतात. मी लगेच बाबांना फोन केला, बाबा सील तोडू नका, खोका कपाटावर ठेवा. नशीब अजून उघडलं नव्हतं.

मग आईकडून खोक्याचे सगळ्या बाजूंनी फोटो मागवले, लेबल, बिल, सील नीट दिसेल असे. कंपनीची वेबसाइट होती, तिथून तक्रार अधिकाऱ्याचा ईमेल मिळाला. लिहिलं की ऑर्डर दिलेली नाही, माल सीलबंद आहे, १५ दिवसांत तुमच्या खर्चाने घेऊन जा, आणि ऑर्डर दिल्याचं रेकॉर्डिंग असेल तर पाठवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण व्हायला पाहिजे, तेही लिहिलं. पोच आली नाही, फोन मात्र चालूच.

तिसऱ्या दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन लावला. मराठीत बोलता आलं, पलीकडच्या माणसाने घाई न करता सगळं ऐकून घेतलं आणि तक्रार नंबर दिला. हेल्पलाइन निकाल देत नाही हे लक्षात ठेवा, ती कंपनीशी बोलून मिटवायला बघते. नाहीच मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग, तिथे आपण राहतो त्याच जिल्ह्यात केस टाकता येते आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. मी कागद तयार ठेवले होते, पण तक्रार नंबर ईमेलमध्ये टाकल्यावर चार दिवसांत उत्तर आलं की पिकअप लावतोय.

तर पिकअपवाला मुलगा पावती द्यायला तयार नाही, म्हणे सिस्टीममध्ये आहे. आईला मी आधीच सांगून ठेवलेलं, पावतीशिवाय खोका हातातून सोडायचा नाही. तिने त्याला पाणी दिलं, बसवलं, आणि त्याच्या ऑफिसला फोन करायला लावून शिक्का-सहीची पावती घेतलीच. नंतर परत एक फोन आला पैशांचा, तेव्हा आईने पावतीची तारीख आणि तक्रार नंबर वाचून दाखवला, पलीकडून फोन ठेवला गेला. त्यानंतर काही आलेलं नाही. पावती लाईटबिलांच्या फाइलमध्ये आहे.