हळू बोल, ऐकू जाईल

परवा दुपारी कपड्यांच्या घड्या घालता घालता 'रिव्होल्यूशनरी रोड' हा सिनेमा परत लावला. २००८ चा, दिग्दर्शक सॅम मेंडिसचा. 'टायटॅनिक'नंतर ११ वर्षांनी केट विन्स्लेट आणि लिओनार्डो परत एकत्र, म्हणून तेव्हा लोक हौसेने बघायला बसले असतील आणि तोंड कडू करून उठले असतील. जहाज बुडालं नसतं तर पुढे हेच झालं असतं, हा जोक सगळ्यांचा करून झालाय, त्यामुळे सोडा.

१९५५ सालचं कनेटिकट, पांढरं टुमदार घर, पुढे हिरवळ, दोन मुलं. फ्रँक रोज हॅट घालून ट्रेनने न्यूयॉर्कला जातो, कंटाळवाणी नोकरी करतो, त्याची बायको एप्रिल घरी. तिला नटी व्हायचं होतं, ते राहिलं. मग एक दिवस म्हणते, सगळं विकू, पॅरिसला जाऊ, मी नोकरी करते, तू शोध तुला काय करायचंय. तो हो म्हणतो. मग प्रमोशन येतं, तिला दिवस जातात, आणि त्या हो चं हळूहळू नाही होतं.

या वेळी मी भांडणंच बघत बसलो. पहिलं तर हायवेच्या कडेला गाडी थांबवून, अंधारात. नंतर घरात, पण तिथे कितीही ओरडा, हिरवळ ओलांडून आवाज जातोय कुठे! मुलंही बहुतेक वेळा दुसऱ्यांकडेच.

आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये हे शक्यच नव्हतं. खालच्या काका-काकूंचं भांडण रविवारी जेवणं झाली की सुरू व्हायचं आणि "हळू बोल, ऐकू जाईल" हे वाक्यसुद्धा आम्हाला स्पष्ट ऐकू यायचं. आई रेडिओ मोठा करायची. संध्याकाळी काकू वाटी घेऊन विरजणाला यायच्या, डोळे सुजलेले, आई काही विचारायची नाही, विरजण द्यायची, चहा टाकायची आणि सात वाजेपर्यंत त्यांना उठूच द्यायची नाही. दर आठवड्याला कुणाचं विरजण संपतं हो? मला तेव्हा खरंच वाटायचं यांचं दही लागत नाही.

सिनेमातला सगळ्यात भयंकर सीन म्हणजे नाश्त्याचा. आदल्या दिवशी घर डोक्यावर घेतलेलं, आणि सकाळी एप्रिल नीट केस बांधून अंडी करून वाढते, त्याच्या ऑफिसबद्दल विचारते, तो खूश होऊन कम्प्युटर कसा चालतो ते समजावतो. एकही भांडं आपटत नाही. माझं तर जुनं मत आहे की भांडी आपटतायत तोवर काळजी नाही. त्यानंतर ती जे करते ते इथे लिहीत नाही.

आणि शेवटी त्यांना घर मिळवून देणारी ती एजंट बाई, कॅथी बेट्सने केलेली, गेलेल्यांबद्दल वाईटसाईट बोलत राहते आणि तिचा म्हातारा नवरा शांतपणे कानातल्या मशीनचा आवाज कमी करत जातो.

यावर माझी थिअरी तयार होती, की आपल्याकडे पातळ भिंतींनी संसार वाचवले वगैरे. आईला फोन करून ऐकवली. ती म्हणाली, "कसले वाचवले? तिला नर्सिंग करायचं होतं, फॉर्म आणून ठेवला होता, त्याने फाडला. त्यावरूनच तर सुरू झालं सगळं."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं."

"मग तू काय म्हणालीस तिला?"

"काय म्हणणार. विरजण दिलं."