मधे पिकलं, टोकाला कच्चं: इंडक्शन हीटरची प्रगती

तांब्याच्या कॉइलमध्ये जलद उलटसुलट होणारा प्रवाह सोडून तिच्या आतलं लोखंड आगीशिवाय तापवायचं, असा इंडक्शन हीटर मी घरी बनवतेय. मागच्या नोंदीत त्याचा सर्किट बोर्ड सुरू झाला होता, एवढंच सांगून थांबले होते. त्यानंतरचे सहा आठवडे एकाच गोष्टीत गेले: सळई सगळीकडून सारखी तापवायची. सळई ईएन-8 ची (मध्यम कार्बनचं पोलाद), 16 मिमी जाड, 60 मिमी लांब. तापवून पाण्यात विझवायची, म्हणजे ती कडक व्हायला हवी. त्यासाठी अख्खी सळई 830 ते 860 अंशांच्या पट्ट्यात आली पाहिजे. नुसती लाल करणं सोपं आहे, दीड-दोन मिनिटांत कोणीही करेल. सारखी लाल करणं हे खरं काम.

बोर्ड आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे आहे तोच, झेडव्हीएस (व्होल्टेज शून्यावर असताना स्विच होणारा), 0.33 मायक्रोफॅरडचे सहा कपॅसिटर समांतर. पुरवठा 36 व्होल्टचा, 1000 वॅटचा एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय). सुरुवातीला एक मॉसफेट, म्हणजे कॉइलचा प्रवाह चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर, गेला. पुरवठा हळूहळू चढत असल्यामुळे आंदोलन सुरूच झालं नाही, एक बाजू चालू अवस्थेत अडकली आणि जळली. आता मॉसफेटच्या गेटना, म्हणजे त्यांना चालू-बंद करणाऱ्या पायांना, वेगळे 12 व्होल्ट आधी देते, मग रिलेने मुख्य पुरवठा जोडते. तेव्हापासून त्रास नाही.

पहिली कॉइल मी हौसेने अगदी घट्ट केली होती. आतला व्यास 20 मिमी, म्हणजे सळईभोवती जेमतेम 2 मिमी जागा. जवळ असेल तितकं चुंबकीय क्षेत्र जास्त पकडतं, कार्यक्षमता वाढते, हे पाठ होतं. झालं असं की कॉइलचं इंडक्टन्स फार कमी पडलं, कॉइल आणि कपॅसिटर यांच्यात फिरणारा प्रवाह वाढला आणि एसएमपीएस सारखा ट्रिप व्हायला लागला. शेवटी 24 व्होल्टवर उतरले. संध्याकाळी गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये दिवा बंद करून पाहिलं, तर सळईवर चक्क पट्टे! प्रत्येक वेढ्यासमोर केशरी, दोन वेढ्यांच्या मधे काळपट, तिरपे गोल फिरत गेलेले. ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांनी एकदा पाहावंच. कॉइलने आपलीच आकृती लोखंडावर काढलेली असते.

मग दुसरी कॉइल. एसीच्या कामाची पाव इंची तांब्याची नळी घेतली, आत बारीक कोरडी वाळू ठासून भरली, दोन्ही टोकं चेपली आणि 32 मिमी व्यासाच्या पाइपवर आठ वेढे घातले. वाळू नसेल तर वळताना नळी चपटी होते, मग पाणी नीट वाहत नाही. नळी पोकळ असल्याने वीज वाहायला अडचण नाही. माझा हीटर चालतो त्या 110 किलोहर्ट्झ वारंवारतेला तांब्यात प्रवाह वरच्या जेमतेम 0.2 मिमी थरातच वाहतो. बाकीची जागा पाण्याची.

या कॉइलने पट्टे गेले. सळई छान लाल झाली, पाण्यात विझवली, कानस लावली. मधल्या भागावर कानस घसरली, टोकांना मात्र लोखंड चावायला लागली. म्हणजे टोकं कडक झालीच नव्हती.

मला वाटत होतं की दोष आतला आहे. लाल झाल्यावर या वारंवारतेला पोलादात उष्णता निर्माण होते ती वरच्या साधारण दीड मिमीत, गाभ्यात पोचते ती वहनाने. म्हणून मी गाभा कच्चा राहतोय असं धरून बसले होते. कपॅसिटर वाढवून वारंवारता कमी करायच्या तयारीतही होते. त्या संध्याकाळी शेजारचे काका वर आले. त्यांनी आयुष्यभर यंत्रमागावर जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती करणारे, म्हणून काम केलंय आणि मागाच्या पिना भट्टीत लाल करून स्वतः पाणी पाजलंय. सळई कॉइलमध्ये असताना त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "पोरी, मधे पिकलंय की! टोकं कच्ची हायत. आतलं काय बघतीस, लांबीत बघ."

रात्री हिशेब मांडला. सळईत 600 वॅट जात असतील तर पृष्ठभाग आणि गाभा यांत फरक पडतो 30 अंशांच्या आसपास. एवढ्या बारीक सळईत आणि एवढ्या कमी शक्तीला गाभ्याचं भय बाळगण्यात अर्थ नव्हता. कारखान्यात हजारो वॅट सेकंदांत ओततात, तिथे तो प्रश्न खरा असतो, म्हणून एवढ्या जाडीला ते 10 किलोहर्ट्झच्या आसपास काम करतात. माझा दोष कॉइलच्या तोंडाशी होता. लांब कॉइलच्या टोकाला क्षेत्र मध्यापेक्षा जवळपास निम्मं असतं आणि उष्णता क्षेत्राच्या वर्गाप्रमाणे बदलते.

वितळवायच्या भट्टीत ही अडचण येत नाही. इकडे सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत ओतकाम होतं, तिथल्या क्रूसिबलमध्ये (वितळवायच्या भांड्यात) विद्युतचुंबकीय बलाने धातूचा रस स्वतःच ढवळला जातो. नॉर्थ्रप यांनी 1916 च्या सुमारास प्रिन्स्टनमध्ये बिनगाभ्याची (कॉइलला लोखंडी गाभा नसलेली) इंडक्शन भट्टी उभी केली, त्या रचनेचा हा मोठा फायदा. घन सळईला असं ढवळणारं कोणी नसतं, तिथे समतोल कॉइलच्या आकारातूनच आणावा लागतो.

म्हणून वेढे सरकवले. टोकाकडचे तीन-तीन वेढे जवळ, मधे फट दीड मिमी. मधले वेढे ताणून 5 मिमी फटीवर. कॉइलची लांबी 72 मिमी झाली.

आता या सगळ्यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. लोखंडाचा क्युरी बिंदू 770 अंश. तिथे चुंबकत्व जातं, सळई ओढत असलेली शक्ती कमी होते आणि अँमीटर खाली येतो. माझ्याकडे 22 अँपिअरवरून 10 वर. वेढे सारख्या अंतरावर होते तेव्हा ही घसरण 25 सेकंद चालायची, कारण आधी मध्य, मग त्याच्या शेजारचा भाग, शेवटी टोकं अशी एकेक पट्टी क्युरी ओलांडत होती. वेढे सरकवल्यावर तेवढीच घसरण 8 सेकंदांत संपते. सळई जितकी सारखी तापेल तितका अँमीटर एकदम पडतो. पायरोमीटर नाही, थर्मोकपल नाही, म्हणजे एवढं तापमान मोजायचं कुठलंच साधन नाही, तरी समतोल किती आहे ते काट्यावर दिसतं. तुमच्याकडे ही घसरण किती सेकंदांची आहे ते जरूर मोजा आणि कळवा.

दुसरी सुधारणा सिरॅमिक ब्लँकेटची, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या धाग्यांच्या जाड कापडाची. 860 अंशांजवळ गेलेलं लोखंड दर चौरस सेंटिमीटरला सात-आठ वॅट नुसतं प्रारणाने घालवतं. माझ्या सळईचा वक्र पृष्ठभाग 30 चौरस सेंटिमीटर, म्हणजे 200 वॅटहून जास्त. क्युरीनंतर सळईत जेमतेम तेवढेच वॅट जातात! उघडी सळई म्हणूनच 800 च्या आसपास घुटमळत होती. कॉइलच्या आत 6 मिमी ब्लँकेटची नळी बसवल्यावर ती पुढे सरकली. तो धागा कापताना तोंडावर मास्क बांधाच, तो फुप्फुसात जाणं वाईट.

फरक मोजला तो पाण्यावर. आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे थंडाव्यासाठी बादलीतलं तेच 5 लिटर पाणी पंपाने फिरवते. आरओचं वापरते, बोअरच्या पाण्याने नळीत क्षार बसतात. पहिल्या घट्ट, उघड्या कॉइलला तीन मिनिटांत पाणी 2.1 अंश चढलं, म्हणजे 44 किलोज्यूल. आता 1.2 अंश, 25 किलोज्यूल. अख्खी 95 ग्रॅमची सळई तापवायला 50 च्या आसपास लागतात, त्यापुढे ही बचत मोठी आहे. घट्ट कॉइल जास्त कार्यक्षम हे माझं गृहीतक या बादलीने खोडलं. मधे ब्लँकेटला जागा नसेल तर लाल सळई आपली उष्णता थेट थंड नळीलाच देत बसते.

एप्रिलची दुपार इथे कामाची नाही, शेडमध्ये हीटसिंक आधीच तापलेला असतो. पहाटे साडेपाचला बसते, उजाडायच्या आत रंगही नीट दिसतो. अँमीटर पडल्यावर पन्नासेक सेकंद थांबते, मग विझवते. शेवटच्या चार सळयांवर कानस टोकापासून टोकापर्यंत घसरली.

काकांनी काल मागाची एक जुनी पिन आणून दिलीय. एका बाजूला 20 मिमी, मग कॉलर (बाहेर आलेलं कडं), पुढे 14 मिमी. जाड भाग आणि बारीक भाग एकाच कॉइलमध्ये एकाच वेळी पिकवायचे आहेत. कॉलरच्या कडेला प्रवाह गोळा होऊन ती आधी पांढरी पडेल असं दिसतंय, म्हणून तिथे वेढ्याचा व्यास वाढवून पाहणार आहे. लाकडी साचा रविवारी कातवून घेते.