पाटे वाढवल्यानंतर पिकअपला बसणारा धक्का : माझा अनुभव

रत्नागिरीजवळच्या आमच्या गावातून हंगामात आंब्याच्या पेट्या वाशीला आणि एरवी खाणीवरून जांभ्याचे चिरे नेणाऱ्या आमच्या पिकअपचे मागचे पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) भाराखाली सरळ होऊन ॲक्सल रबरी ठोकळ्यावर आपटत असे, म्हणून पावसाळा संपल्यावर दोन्ही बाजूंच्या पाट्यांत दोन-दोन पाने, म्हणजे पट्ट्या, वाढवून घेतली. भरलेली गाडी त्यानंतर उत्तम चालू लागली. रिकामी गाडी मात्र प्रत्येक खड्ड्यात मागून लोखंडावर लोखंड आदळल्यासारखा आवाज करी आणि पाठीला सणसणीत धक्का देई.

आमच्याकडे अशा तक्रारीचे खापर आधी गंजावर फुटते आणि ते निराधारही नाही. खाऱ्या हवेत पाने गंजली की ती एकमेकांवर सहज सरकत नाहीत, आणि मग बारीक हादरेही थेट चासीत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यात, उतरतात. त्यामुळे पाने घासून ग्रीस लावले, टायरमधली हवा रिकाम्या गाडीसाठी कंपनीने सांगितली आहे तेवढी ठेवली. थरथर कमी झाली. धक्का तसाच राहिला.

धक्का किती जोरात बसतो यापेक्षा तो नेमका केव्हा बसतो, हे पाहायला हवे होते. धाकट्या भावाला गाडी अगदी हळू गतिरोधकावरून न्यायला सांगून मी मागच्या चाकाशेजारून चालत राहिलो. चाक वर चढताना काहीच आवाज नव्हता. पलीकडे खाली उतरताना मात्र स्पष्ट ठोका ऐकू आला. वर चढताना धक्का बसला असता, तर कडक पाटे किंवा रबरी ठोकळा यांच्यावर संशय घेता आला असता. खाली उतरताना ठोका बसतो याचा अर्थ, चाकाला खाली जायला जागाच उरलेली नाही आणि काहीतरी त्याला मध्येच अडवते आहे.

गॅरेजमध्ये पुढच्या चाकांना ओट (चाक घरंगळू नये म्हणून लावायचा ठोकळा) लावून मागची चासी जॅकने हळूहळू उचलली आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजत राहिलो. ते जेमतेम बोटभर वाढले, तोच टायर जमिनीवरून सुटला. मग चासीखाली घोडे (आधाराचे स्टँड) लावून शॉकॲब्सॉर्बरचे खालचे बोल्ट काढले, तेव्हा ॲक्सल आणखी खाली उतरला. म्हणजे वाढवलेल्या पानांनी गाडीची मागची बाजू उचलली होती, पण शॉकॲब्सॉर्बर जुन्याच लांबीचे असल्यामुळे ते रिकाम्या गाडीत उभ्याउभ्याच जवळजवळ पूर्ण ताणलेले होते आणि चाक खड्ड्यात उतरले की त्यांचा दांडा आतल्या आत शेवटाला जाऊन आदळत होता. भरलेल्या गाडीत पाटे दबत, म्हणून तिथे हा दोष दिसत नव्हता.

लांब शॉकॲब्सॉर्बर बसवणे हा एक मार्ग होता. मी मात्र दोन्हीकडचे एकेक पान काढून उंची खाली आणणे पसंत केले, कारण पाने वाढवल्याने आरसी बुकात लिहिलेली भारक्षमता वाढत नाही. ॲक्सल, ब्रेक आणि टायर तेच राहतात. पाटे पुन्हा बसवताना त्यांच्या टोकांच्या बुशांचे (रबरी नळ्यांचे) बोल्ट चाके लोंबकळत असताना पूर्ण आवळू दिले नाहीत. तसे केले की रबरी बुश त्याच स्थितीत जखडतो आणि गाडी खाली आल्यावर कायम पिळलेला राहतो. गाडी स्वतःच्या चाकांवर उभी करून, थोडी हलवून, मगच ते घट्ट केले.

याच कामात एक गोष्ट हाती लागली आणि ती मला धक्क्यापेक्षाही महत्त्वाची वाटते. आमच्या गाडीत मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह चासीवर असतो आणि तो एका दांड्याने ॲक्सलला जोडलेला असतो. पाने वाढवून मागची बाजू उंच केली की भरलेली गाडीही या व्हॉल्व्हला हलकी वाटते आणि मागच्या चाकांना मिळायला हवा तेवढा ब्रेक मिळत नाही. चिरे भरून आंबा घाटासारखा उतार उतरताना याचा अर्थ काय होतो, हे कोकणातल्या चालकाला सांगायला नको. पाट्यांना हात लावला की हा दांडाही कंपनीच्या मापाप्रमाणे जुळवून घ्यावा, असा माझा आग्रह आहे; आम्ही तो तसा जुळवून घेतला.

आता रिकामी गाडी पूर्वीपेक्षा थोडी ताठ चालते, पण ठोका बसत नाही. पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट पहिल्या भरलेल्या फेरीनंतर पुन्हा तपासले, तेव्हा नवे पान नीट बसल्यामुळे नट थोडे सैल झालेले आढळले. ते टॉर्क पान्याने ठरलेल्या मापापर्यंत आवळले.