रेघेचं टिंब करताना: आमची वाटचाल

भोसरी एमआयडीसीतला आमचा गाळा वडिलांनी उभा केला. दोन लेथ, एक हॉबिंग मशीन आणि बाहेरून येणारं गिअर कटिंगचं जॉबवर्क, एवढाच धंदा. आज आम्ही दुर्बिणीची माउंट, म्हणजे ताऱ्यांच्या मागोमाग दुर्बीण फिरवणारी यंत्रं, दुरुस्त करतो. हा विषय शॉपमध्ये आणला तो माझ्या भाच्याने.

तो तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. एके दिवशी वहीचं पान घेऊन आला. प्लायवुडच्या दोन फळ्या, एका टोकाला बिजागरी, दुसऱ्या टोकाला एम६चा थ्रेडेड रॉड आणि मिनिटाला एक फेरा घेणारी मोटर. वरच्या फळीवर कॅमेरा, म्हणजे फळी उघडत गेली की तो ताऱ्यांच्या मागोमाग फिरणार आणि लांब फोटोतही ताऱ्यांची रेघ होणार नाही. "मामा, बिजागरीपासून रॉड बरोबर २२८.६ मिलिमीटरवर हवा." एवढा नेमका आकडा का, म्हणून मी स्वतः आकडेमोड केली. एम६ची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १ मिलिमीटर, म्हणजे फळी मिनिटाला १ मिलिमीटर उघडणार. ताऱ्यांच्या हिशेबाने पृथ्वीचा एक फेरा होतो २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत. फळी त्याच वेगाने उघडायची तर त्रिज्या तेवढीच येते. मला ते गणित इतकं आवडलं की त्या दिवशीचं जॉबवर्क बाजूला ठेवून फळ्या मीच कापल्या.

भाचा ते यंत्र जुन्नरकडे घेऊन गेला. साध्या लेन्सवर मृग नक्षत्र सुरेख आलं. १३५ मिलिमीटरची लेन्स लावली आणि प्रत्येक ताऱ्याची रेघ झाली. त्याचं म्हणणं, रॉड सरळ आहे आणि फळी वर्तुळात फिरते, म्हणून चूक येते. हिशेब केला तर दहा मिनिटांत ती चूक जेमतेम सहा विकला निघाली. (अंशाचा ६०वा भाग कला, कलेचा ६०वा भाग विकला. पंचांगातले हे शब्द आमच्या शॉपमध्ये आजही रोज बोलले जातात.) मग बिजागरी हातात घेतली. ५० मिलिमीटर रुंदीच्या बिजागरीत ०.१ मिलिमीटर खेळ, म्हणजे सैलपणा, होता. म्हणजे तिला तिरकं व्हायला ४०० विकलांची मुभा. दोन बेअरिंग आणि एक टर्न केलेली पिन बसवली. पुढच्या अमावास्येला तारे टिंबासारखे आले.

आमच्या धंद्याचं बी त्या बिजागरीत आहे. ज्या चुकीवर सगळ्यांचा संशय होता ती सहा विकलांची होती आणि जिच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं ती चारशेची.

पुण्यात हौशी आकाशनिरीक्षणाची परंपरा मोठी आहे. ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे. मुंबईत खगोल मंडळ आहे. भाच्याच्या ओळखीतून अशा हौशी मंडळींचे फोन येऊ लागले. परदेशातून आणलेलं माउंट बिघडलं की उघडून बघणारं कुणी नव्हतं. परत पाठवायचं तर भाडं आणि कस्टमचा खर्च यंत्राच्या किमतीशी स्पर्धा करणारा. कुणीतरी विचारलं, "तुम्ही गिअर बनवता ना, मग हे उघडाल का?"

उघडलं, आणि आत ओळखीचीच माणसं भेटावीत तसं झालं. स्क्रूसारखा वर्म आणि तो ज्याला फिरवतो ते दातेरी चाक, वर्म व्हील. चाकाला १८० दाते, म्हणजे वर्मचा एक फेरा ४७९ सेकंदांचा, आठ मिनिटांना एक सेकंद कमी. वर्म किंचित जरी आऊट असला तरी तारा दर आठ मिनिटांनी पुढे सरकतो आणि मागे येतो. ५० मिलिमीटर त्रिज्येवर एक विकला म्हणजे पाव मायक्रॉन. आम्ही आयुष्यभर दहा मायक्रॉनच्या टॉलरन्सला बारीक काम म्हणत आलो होतो. इथे पाच मायक्रॉनची चूक म्हणजे वीस विकला, आणि ८०० मिलिमीटरच्या दुर्बिणीवर आजच्या कॅमेऱ्यात एक पिक्सेल साधारण एका विकलेचा. वीस पिक्सेलची रेघ लपत नाही.

ही चूक मोजायला डायल गेज उपयोगी नव्हता. आम्ही एक सोपी युक्ती वापरतो. माउंटचा अक्ष मुद्दाम ध्रुवापासून पूर्वेला किंवा पश्चिमेला थोडा हलवायचा, गाईडिंग (छोट्या कॅमेऱ्याने एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सतत सुधारणं) बंद ठेवायचं आणि दक्षिणेला खगोलीय विषुववृत्ताजवळच्या (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरची आकाशातली रेषा) ताऱ्याचा पंधरा-वीस मिनिटांचा एकच फोटो घ्यायचा. तारा एका दिशेने वाहत जातो आणि वर्मची चूक त्याला आडवं डोलवते. फोटोत नागमोडी रेघ उमटते. तिची उंची म्हणजे चूक आणि दोन शिखरांमधलं अंतर म्हणजे दोष कुठल्या भागात आहे त्याचा पत्ता.

सुरुवातीच्या दिवसांतली एक चूक इथे लिहायलाच हवी. एका ग्राहकाच्या माउंटमध्ये खूप खेळ होता. आम्ही वर्म चाकाला असा भिडवला की खेळ शून्य. शॉपमध्ये ३५ अंश तापमान होतं, माउंट लोण्यासारखं फिरलं. ग्राहक ते घेऊन भंडारदऱ्याला गेले. पहाटे थंडी ८ अंशांवर उतरली आणि मोटर अडखळायला लागली. सुट्टी काढून गेलेल्या माणसाची सगळी रात्र वाया गेली. कारण नंतर कळलं. ॲल्युमिनियमची बॉडी पितळी चाकापेक्षा जास्त आकसते. २७ अंशांच्या फरकाला ६० मिलिमीटरवर हा फरक सहा-साडेसहा मायक्रॉनचा. शून्य खेळात तेवढंही पुरतं. आम्ही पैसे परत केले, माउंट पुन्हा जुळवून दिलं आणि तेव्हापासून प्रत्येक माउंट हिवाळ्यातल्या पहाटे गच्चीवर फिरवून पाहिल्याशिवाय सोडत नाही. जरासा खेळ मुद्दाम ठेवतो. काउंटरवेट वापरून तोल पूर्वेकडे किंचित जड ठेवला की दाते एकाच बाजूने टेकलेले राहतात आणि तो खेळ फोटोत दिसत नाही.

हळूहळू लक्षात आलं की आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच माउंटमध्ये दुरुस्त करण्यासारखं काही नसतंच. त्यामुळे आम्ही पद्धत बदलली. माउंट पाठवू नका, आधी तीन गोष्टी पाठवा: प्रोसेसिंग न केलेल्या सलग दहा फ्रेम, पीएचडी२ या गाईडिंगच्या सॉफ्टवेअरची लॉग फाईल आणि दुर्बीण उभी असताना काढलेला मोबाईलचा फोटो. हे तपासायचे आम्ही ५०० रुपये घेतो. शेजारचे व्यावसायिक म्हणाले, बघायचे पैसे कोण देतं? लोक देतात. लाखाचं नवं माउंट घेण्याआधी तर नक्की देतात.

फ्रेम उघडल्यावर आधी रेघेची जात बघायची. तारे फक्त कोपऱ्यांत लांबट असतील तर माउंटला हात लावायचा नाही. सेन्सर आणि फ्लॅटनर (कडेचे तारेही रेखीव ठेवणारं भिंग) यांच्यातलं अंतर चुकलेलं असतं, बहुतेक वेळा ते ५५ मिलिमीटर हवं असतं. सगळे तारे एका बिंदूभोवती कमानीसारखे वळलेले असतील तर ध्रुवाशी जुळवणी चुकली. पूर्ण फ्रेमभर एकाच दिशेची, प्रत्येक फ्रेममध्ये सारखीच रेघ असेल तर काहीतरी संथपणे सरकतंय. दहातल्या दोनच फ्रेम बिघडल्या असतील तर वारा, लोंबकळणारी केबल नाहीतर डेक्लिनेशनचा (उत्तर-दक्षिण हालचालीचा) खेळ.

नाशिकच्या एका शिक्षकांची गोष्ट मी नव्या ग्राहकांना नेहमी सांगतो. गाईडिंगचा आलेख शांत, चूक अर्ध्या विकलेच्या आसपास, आणि तरी पाच मिनिटांच्या फ्रेममध्ये चार पिक्सेलची रेघ. त्यांना नवं माउंट घेण्याचा सल्ला मिळालेला होता. मी म्हटलं, "सर, तासाभराच्या फ्रेम एकामागून एक चालवून बघा." तारे एकाच दिशेने चालत निघाले. गाईड कॅमेऱ्यातला तारा मात्र जागेवर. म्हणजे माउंट आपलं काम चोख करत होतं, गाईडची छोटी दुर्बीणच मुख्य दुर्बिणीच्या मानाने वाकत होती. तिला धरणारे सहा स्क्रू प्लास्टिकच्या टोकांचे होते. आम्ही ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या करून दिल्या, ४०० रुपयांत. पुढच्या खेपेला त्यांनी देवयानी दीर्घिकेचा फोटो पाठवला. तो शॉपमध्ये वडिलांच्या फोटोशेजारी लावला आहे.

आलेख करवतीच्या दात्यांसारखा असेल तर बहुतेक वेळा माणूस वातावरणाच्या थरथरीमागे धावत असतो. गाईडचं एक्स्पोजर अर्ध्या सेकंदावरून दोन-तीन सेकंदांवर न्या, ॲग्रेसिव्हनेस (प्रत्येक चूक किती जोराने सुधारायची ते) कमी करा, रेघ निम्मी होते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे कॅलिब्रेशन. दुर्बीण ध्रुवाकडे वळलेली असतेच, तर तिथेच उरकून टाकतात. ध्रुवाजवळ पूर्व-पश्चिम हालचाल अगदी आखूड दिसते आणि सॉफ्टवेअर चुकीचं माप शिकतं. कॅलिब्रेशन खगोलीय विषुववृत्ताजवळ करायचं. पुण्यातून ते दक्षिणेला साडेएकाहत्तर अंश उंचीवर सापडतं.

आपल्या अक्षांशाचा प्रश्न मात्र परदेशी पुस्तिकेत नीट लिहिलेला नसतो. ही यंत्रं बहुतेक ४०-५० अंशांच्या प्रदेशांचा विचार करून घडवलेली. पुण्याचा अक्षांश साडेअठरा, गोव्याचा साडेपंधरा. मुख्य अक्ष जवळजवळ आडवा पडतो, सगळं वजन पुढे येतं, उंची जुळवणाऱ्या बोल्टवर ताण येतो आणि काउंटरवेटचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला घासतो. आम्ही स्टेनलेसचे जाड बोल्ट करतो, टोकाला पितळी पॅड, आणि ट्रायपॉडवर २०० मिलिमीटरचा खांब बसवतो. या दोन वस्तूंनी आमचा सर्वांत मोठा ग्राहकवर्ग मिळवून दिला.

ध्रुवताराही इथे क्षितिजाजवळ असतो. कोकणात माडांच्या मागे, शहरात इमारतीमागे. एवढ्या खाली वातावरण त्याला सुमारे ३ कला वर उचलून दाखवतं. म्हणून आम्ही ग्राहकांना ड्रिफ्ट पद्धत (तारा किती सरकतो ते बघून अक्ष ध्रुवाशी जुळवणं) हाताला धरून शिकवतो. ध्रुवाशी एक कला चुकली की तारा मिनिटाला जास्तीत जास्त ०.२६ विकला सरकतो. पाच कलांची चूक आणि पाच मिनिटांचा फोटो, म्हणजे साडेसहा विकला. गाईडिंग ते सावरतं, पण फ्रेमचं फिरणं त्याला सावरता येत नाही.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये जॉबवर्क पूर्ण थांबलं. त्या वर्षी घर चाललं ते फोनवर लॉग वाचून. डिप्लोमा करून आलेली आमची एक सहकारी आज आलेख बघून वर्म की केबल ते माझ्या आधी सांगते. आता आम्ही चौघे आहोत. पावसाळ्यात काम जवळजवळ नसतं, तेव्हा गिअर कटिंग चालू राहतं. ते आम्ही सोडणार नाही.

हल्ली वर्मऐवजी हार्मोनिक गिअरची (लवचीक दातेरी कड्याची) छोटी माउंट येतात. काउंटरवेट नको, पाठीवर टाकून पेंचच्या जंगलाकडे निघता येतं. २०२४ साली तिथल्या अंधाराला डार्क स्काय पार्कचा मान मिळाल्यापासून विचारणा वाढली आहे. यंत्र चांगलं, पण त्याची चूक मोठी आणि झटकन बदलणारी असते. गाईडिंगशिवाय त्यावर लांब फोटो घेऊ नका आणि एक्स्पोजर एका सेकंदाच्या आसपास ठेवा. वर्मसाठी दिलेला सल्ला इथे उलटा होतो, हे घेण्याआधीच आम्ही सांगून टाकतो.

सध्या टेबलावर नागपूरहून आलेलं माउंट आहे. लॉगमध्ये ४७९ सेकंदांची लाट अगदी लहान, पण दर १२२ सेकंदांनी एक झटका. वर्म आणि मोटर यांच्यामधल्या गिअरच्या जोडीला ४७ आणि १२ दाते आहेत. ४७९ला ४७ने भागून १२ने गुणलं की १२२ येतात. बारा दात्यांच्या गिअरचा एक दाता चेपलेला निघाला. नवा गिअर वडिलांच्याच हॉबिंग मशीनवर काल संध्याकाळी कापला. आज आकाश मोकळं राहिलं तर रात्री गच्चीवर नागमोडी रेघ काढून बघू.